अंगठे उदंड, उत्तर कुठे?

१० जुलै २०२४, बुधवार. सकाळचे सव्वासात वाजत आले होते. जवळा बाजारच्या आमच्या घरात मी चहाचा पहिला घोट घेतला आणि फडताळातली भांडी आपसांत बोलू लागली. आधी वाटलं, परभणीच्या रस्त्यानं एखादा जड ट्रक गेला असेल. मग पंख्याची दांडी हलताना दिसली. सूनबाई नातवाचा दंड धरून अंगणात धावली, तिच्यामागे मी. अनवाणी, आणि हातात बशी तशीच. पासष्टी ओलांडलेला माणूस भूकंपातसुद्धा बशी का सोडत नाही, हे मला अजून उमगलेलं नाही.

गल्ली माणसांनी भरून गेली होती. तेवढ्यात खिशाखिशांतून फोन वाजू लागले. आमच्या गल्लीचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. एरवी त्यावर सुप्रभाताची फुलं आणि नळाला पाणी आल्याच्या वार्ता असतात. त्या सकाळी पहिला संदेश दोनच शब्दांचा होता : 'जाणवलं का?' खाली उत्तरांची रांग लागली. 'हव, आमचा माठ कलंडला.' 'हट्ट्यालाबी झालं म्हणे.' 'नांदेडहून पोरगी इचारायलीय.' पंधरा मिनिटांत आम्हाला कळलं की धक्का हिंगोली, परभणी, नांदेड अशा तिन्ही जिल्ह्यांत बसला आहे. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राचा आकडा नंतर आला, ४.५ रिश्टर. त्याच वर्षी २१ मार्चच्या सकाळी दहा-अकरा मिनिटांच्या अंतरानं दोन धक्के बसले होते, त्यामुळे आम्ही तसे सरावलेलेच होतो.

थोड्या वेळानं दुसऱ्या एका ग्रुपवर संदेश आला. हा सरकारी ग्रुप. कुठल्या कार्यालयाचा ते सोडून द्या, कारण सगळ्यांचे ग्रुप सारखेच असतात. नागरिकांनी घाबरून जाऊ नये, अफवांवर विश्वास ठेवू नये, पत्र्यावर आधारासाठी ठेवलेले दगड काढून घ्यावेत. सल्ला अगदी योग्य होता. धक्क्यानं पत्र्यावरचा दगड घरंगळला तर भूकंपापेक्षा तोच आधी जीव घेईल. मी तो समोरच्या आजींना वाचून दाखवला. त्यांचं घर दोन खणांचं, वर पत्रे आणि पत्र्यांवर नऊ-दहा धोंडे. आजी म्हणाल्या, "साहेब, दगडं काढली तर वाऱ्यानं पत्रं उडतील की. मंग काय ठिवावं?"

प्रश्न बिनतोड होता. मी तो सरकारी ग्रुपवर लिहायला गेलो, तर लिहायची जागाच नव्हती. तिथं राखाडी अक्षरांत एक ओळ होती, फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात. मग तोच प्रश्न गल्लीच्या ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत बाजारातल्या एका वेल्डरनं उत्तर दिलं : खाली लोखंडी अँगल असेल तर हूक मारून पत्रा आवळून घ्या, लाकडी वासे असतील तर भोक पाडून जाड तारेनं बांधा, आणि रबरी वायसर टाकायला विसरू नका, नाहीतर गळेल. सोबत त्यानं स्वतःच्या छपराचा फोटोही जोडला.

हा लेख त्या दोन ग्रुपांमधल्या फरकाविषयी आहे.

मराठवाड्यातल्या माणसाला 'घाबरू नका' एवढ्यावर का भागत नाही, हे बाहेरच्यांना समजायचं नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटं. किल्लारीची ती रात्र पाहिलेले आम्ही लोक. जवळजवळ दहा हजार माणसं गेली, त्यांतली बहुतेक दगडमातीच्या जाड भिंती आणि धाब्याचं ओझं अंगावर कोसळून. आणि आम्हाला हेही ठाऊक आहे की किल्लारीला १९९२ पासूनच लहान लहान धक्के बसत होते, शंभरावर. तेव्हाही लोक विचारतच होते की हे काय चाललंय, घरात झोपावं की बाहेर. आज वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे गावात जमिनीतून गूढ आवाज येतात, तिथली माणसं गेली काही वर्षं हाच प्रश्न विचारताहेत. मोठा भूकंप कधी होईल हे जगातला कोणताही शास्त्रज्ञ सांगू शकत नाही, हेच याचं खरं उत्तर. पण तेसुद्धा कुणीतरी समोर येऊन, पुढचा प्रश्न ऐकायची तयारी ठेवून सांगावं लागतं. 'मग भिंत कशी बांधू?' हा तो पुढचा प्रश्न.

गंमत अशी की भूकंपशास्त्रज्ञांना लोकांच्या उत्तरांची गरज कधीचीच कळलेली आहे. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेनं नव्वदच्या दशकाच्या अखेरीस 'तुम्हाला जाणवला का?' अशी प्रश्नावलीच इंटरनेटवर ठेवली. भांडी वाजली का, झोपेतून जाग आली का, भिंतीला तडा गेला का, अशा साध्या उत्तरांतून कुठं किती हादरलं याचा नकाशा तयार होतो. आपल्याकडेही राष्ट्रीय केंद्राकडे अशी नोंद करता येते. म्हणजे आमच्या गल्लीनं त्या सकाळी आपसूक जे केलं, ते शास्त्राच्या कामाचं होतं. फक्त ते शास्त्रापर्यंत पोचलं नाही.

आता दुसरी बाजू. ग्रुपला कुलूप घालणाऱ्यांनाही काही म्हणायचं असतं आणि ते अगदीच खोटं नसतं. ही ॲडमिनची सोय व्हॉट्सॲपनं २०१८ च्या जूनअखेरीस दिली. पाठोपाठ १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून फिरत होती आणि हाती लागले ते मंगळवेढ्याकडचे, भिक्षेवर पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतापुरती संदेश पुढे ढकलण्यावर पाच जणांची मर्यादा घातली. तेव्हा शंभर तोंडांचा ग्रुप मोकळा सोडायला अधिकारी घाबरतो, हे मी समजू शकतो. आमच्याच भागातल्या एका गावात गटाराच्या प्रश्नावरून ग्रुपवर सुरू झालेलं भांडण पोलीस ठाण्यापर्यंत गेलं आणि दुसऱ्या दिवशी ग्रुपला कुलूप लागलं. गटार तसंच आहे.

पण राईनपाड्यात कमी काय पडलं? आणखी एक कुलूप? मला वाटतं, 'ही बातमी खरी का?' असं ज्याला विचारावं आणि ज्याच्याकडून पाच मिनिटांत उत्तर यावं, असा भरवशाचा माणूस फोनच्या पलीकडे असायला हवा होता. अफवा फिरते ती लोक बोलतात म्हणून नव्हे. विचारलेल्याला उत्तर मिळत नाही, ती पोकळी अफवा भरते.

कुलपाविषयी मी एवढ्या आत्मविश्वासानं लिहितो, कारण मीही एकेकाळी कुलूप बाळगून होतो. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एका खेड्यातल्या शाखेत मी रुजू झालो. भिंतीवर 'सूचना पेटी' होती, लाल अक्षरांत 'आपली सूचना आम्हास मोलाची'. किल्ली हरवलेली. आधीचे साहेब म्हणाले, सूचना येतच नाहीत हो, किल्ली कशाला? मीही कशाला म्हटलं. तीन वर्षांनी रंगकामासाठी पेटी उतरवली तेव्हा शिपायानं कुलूप तोडलं. आत एसटीची तिकिटं, विड्याचा कागद, आणि शाळेच्या वहीचं घडी घातलेलं एक पान. कुण्या मुलानं आजीच्या वतीनं लिहिलं होतं की निराधार योजनेचे पैसे तीन महिने जमा दिसत नाहीत, आजी रोज दोन कोस चालत येते, काउंटरवर 'पुढच्या आठवड्यात या' म्हणतात, तरी साहेबांनी लक्ष घालावं. तारीख मी रुजू झाल्याच्या दुसऱ्या महिन्याची. मी ते पान घेऊन त्या गावाला गेलो. घर बंद होतं. शेजारी म्हणाले, म्हातारी गेली त्याला दीड वरीस झालं.

त्या दिवसापासून 'आपला अभिप्राय कळवा' अशी पाटी दिसली की मी आधी किल्ली कुठं आहे ते बघतो.

आता पावसाकडे वळू. आमच्याकडे जूनमध्ये घराघरात एकच विषय असतो. आडतीवर, चहाच्या टपरीवर, वरातीतसुद्धा. आणि त्यात एक नाव हटकून येतं, परभणी जिल्ह्यातल्या गुगळी धामणगावचे पंजाबराव डख यांचं. त्यांचे अंदाज व्हॉट्सॲपवरून आणि यूट्यूबवरून लाखो शेतकऱ्यांकडे जातात. ते इतके प्रसिद्ध झाले की २०२४ मध्ये परभणीतून लोकसभेलाही उभे राहिले. त्यांच्या अंदाजांना शास्त्रीय आधार नाही, अशी टीका हवामानतज्ज्ञांनी वेळोवेळी केली आहे. मी शास्त्रज्ञ नाही, तरी या वादात माझा कल शास्त्राकडेच आहे. पण शेतकरी त्यांच्याकडे का जातो, हा प्रश्न शास्त्रज्ञांनी स्वतःला विचारायला हवा.

हवामान खात्याचा अंदाज घ्या. 'मराठवाड्यात तुरळक ठिकाणी हलका ते मध्यम पाऊस.' आमचा शेजारी विचारतो, "तुरळक म्हंजे आपलं रान त्यात हाय का न्हाई?" आता या शब्दाला काटेकोर अर्थ आहे. विभागातल्या एक-चतुर्थांशापर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर तुरळक, त्यापुढे निम्म्यापर्यंत काही ठिकाणी, मग पाऊणपर्यंत बऱ्याच ठिकाणी. म्हणजे तुरळक म्हटल्यावर चारातल्या तीन ठिकाणी कोरडं राहण्याचीच शक्यता जास्त. बी घेऊन बांधावर बसलेल्या माणसाला याहून मोलाची माहिती कोणती? पण हे त्याला कुणी समजावून सांगत नाही. उलट यूट्यूबवरचा माणूस त्याच्या बोलीत, तारखेनिशी, तालुक्याच्या नावानिशी बोलतो, अंदाज चुकू शकतो अशी पुस्तीही जोडतो. शेतकऱ्याला वाटतं, हा आपल्याशी बोलतोय. तेसुद्धा खरं संभाषण नव्हेच. लाखो लोकांना एक माणूस काय उत्तर देणार? पण भास तरी होतो. सरकारी अंदाजात तो भासही नाही.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, कृषी हवामान सल्ला निघतो. तो चांगला असतो, मी वाचतो. पुरेसा, म्हणजे ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हे तिथले जाणकार वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. २०१८ नंतर देशभरातल्या कृषी विज्ञान केंद्रांत तालुक्यापुरता सल्ला देणारी जिल्हा पातळीवरची छोटी हवामान केंद्रं उघडली गेली, १९९. त्यांत बसणारी मुलं शेतकऱ्यांच्या ग्रुपवर असत, प्रश्न विचारला तर उत्तर देत. मार्च २०२४ मध्ये ती केंद्रं बंद केली गेली. यंत्रावरून आकडे आपोआप येतातच, मग माणूस कशाला, असा हिशेब असावा. माझ्या शेजाऱ्यानं एका वर्षी कुणाचा तरी अंदाज वाचून चाळीस मिलिमीटरवर सोयाबीन पेरलं. पुढचे अठरा दिवस कोरडे गेले. बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या घेऊन तो माझ्या ओसरीवर आला आणि म्हणाला, "काका, इचाराय कुणाला पायजे व्हतं ते सांगा." मला सांगता आलं नाही.

उत्तर देणारी माणसं आपल्याकडे नाहीतच, असं मात्र नाही. कोकणातले सुरेश प्रभू नोव्हेंबर २०१४ ते सप्टेंबर २०१७ या काळात रेल्वेमंत्री होते. चालत्या गाडीतून प्रवाशानं ट्विटरवर लिहावं आणि पुढच्या स्टेशनावर मदत उभी असावी, ही नवलाई तेव्हाची. नोव्हेंबर २०१५ मध्ये शेगावच्या आसपास एका महिलेनं सहप्रवाशाच्या त्रासाबद्दल लिहिलं आणि भुसावळला रेल्वे पोलीस डब्यात चढले. मला हे आवडलं, आणि थोडं खटकलंही. मंत्र्यापर्यंत हाक पोचावी लागते, म्हणजे खालच्या पायऱ्या बहिऱ्या आहेत. पण त्या काळात खालच्या पायऱ्याही वर बघून कामाला लागल्या, हेही मान्य केलं पाहिजे.

दुसरं उदाहरण कमी गाजलेलं. २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकात शिवमोग्याला मक्यावर अमेरिकन लष्करी अळी सापडली, भारतातली पहिली नोंद. काही महिन्यांत ती महाराष्ट्रात आली, मक्यावरून उसावरही दिसली. इथल्या पहिल्या नोंदींपैकी एक करणारे कीटकशास्त्रज्ञ डॉ. अंकुश चोरमुले 'होय आम्ही शेतकरी' या समाजमाध्यमांवरच्या गटाशी जोडलेले. अळीच्या डोक्यावर उलटा इंग्रजी वाय, शेपटीकडे चौकोनात चार ठिपके, एवढी ओळख फोटोंनिशी फोनवरून पसरली आणि शेतकरी आपापल्या पोंग्यातल्या अळीचे फोटो परत पाठवू लागले. इथं तज्ज्ञ शिकवत होता आणि शिकतही होता. कीड कुठवर पोचली हे त्याला शेतकऱ्याच्याच फोटोवरून कळत होतं. संवाद म्हणतात तो हाच.

आणि सरकार? फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सरकारनं व्हॉट्सॲपवर सेवा देण्यासाठी मेटा कंपनीशी करार केला. दाखला कुठवर आला, अर्ज कसा भरायचा, हे यंत्र सांगेल. चांगलं आहे, हेलपाटे वाचतील. पण आजींच्या दगडांचं उत्तर यंत्राकडे नसतं. मग जुलै २०२५ मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांनी समाजमाध्यमं कशी वापरावीत याचे नियम निघाले. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, सरकारी धोरणावर टीका करू नका, योजनांची माहिती अधिकृत माणसानंच द्यावी. प्रत्येक नियमामागे कारण असेल. मी स्वतः पस्तीस वर्षं परिपत्रकं वाचून काढली आहेत, म्हणून त्यांचा परिणाम मला आधी दिसतो. एखादा कृषी सहायक रात्री नऊला शेतकऱ्याच्या प्रश्नाला दोन ओळी लिहीत असेल, तर तो आता बोट मागे घेईल. परिपत्रक त्याला उत्तर देऊ नको म्हणत नाही. पण उत्तर दिलंस तर जबाबदारी तुझी, हे त्याला बरोबर ऐकू येतं.

एवढी दुसऱ्यांची झाडाझडती घेतल्यावर माझं सांगतो. माझ्या प्रकाशकांनी आग्रह केला म्हणून मी फेसबुकवर पान उघडलं. वाचक वाढत वाढत चार हजारांवर गेले. मी आठवड्याला काहीतरी लिहायचो, खाली पन्नास-साठ अभिप्राय यायचे आणि मी प्रत्येकाला अंगठा द्यायचो. सगळ्यांना एकसारखा. वाटायचं, वाचकांशी केवढा संवाद चाललाय! धारवाडला माणसांपासून लांब राहणाऱ्या जी. ए. कुलकर्णींनी पत्रांना इतक्या मनापासून उत्तरं लिहिली की पुढे त्या पत्रांचे खंड निघाले. ही तुलना तेव्हा मला सुचलीही नाही.

एकदा नातू शेजारी बसून अभिप्राय वाचत होता. मध्येच थांबून म्हणाला, "आजोबा, या काकूंना अंगठा का दिला?" मी चष्मा लावला. माझ्या कादंबरीत बँकेतला एक प्रसंग आहे. त्याखाली सेनगावकडच्या एका बाईंनी लिहिलं होतं : आमच्या मालकांच्या पासबुकात ४३६ रुपये कटलेले दिसतात, ते वारून चार महिने झाले, हे पैसे कशाचे, तुम्ही बँकेत होता म्हणून विचारते. तेवीस दिवसांपूर्वीचा अभिप्राय, आणि खाली माझा निळा अंगठा.

४३६ रुपये म्हणजे प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचा वर्षाचा हप्ता. २०१५ मध्ये योजना आली तेव्हा तो ३३० होता, जून २०२२ पासून ४३६. मृत्यू कोणत्याही कारणानं होवो, वारसाला दोन लाख. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. आणि मी अंगठा दिला होता! बँकेत अंगठा उठवणाऱ्या माणसाच्या ठशाशेजारी आम्ही त्याचं नाव लिहायचो, 'नि. डा. हा. अं.' म्हणायचो, वर साक्षीदाराची सही घ्यायचो. त्या अंगठ्यामागे माणूस होता. माझ्या अंगठ्यामागे कुणी नव्हतं.

त्याच रात्री मी त्यांना सविस्तर लिहिलं की मृत्यूचा दाखला, पासबुक आणि वारसाची कागदपत्रं घेऊन शाखेत जा, दाव्याचा अर्ज मागा, नाही म्हणाले तर लेखी मागा. त्यांना दोनदा परत पाठवलं गेलं. तिसऱ्यांदा मी बरोबर गेलो. पाच महिन्यांनी पैसे जमा झाले. मग मी मागचे सगळे अभिप्राय तारखेनुसार वाचून काढले. त्यात आणखी सात प्रश्न सापडले. तिघांना आता उत्तराची गरज उरलेली नव्हती.

आता रोज संध्याकाळी अर्धा तास मी फक्त उत्तरं लिहितो. नवं लेखन त्यामुळे मागे पडलं आहे. वाचकांपैकी निम्मे कादंबरीविषयी विचारतात, निम्मे पीककर्जाविषयी. एकानं तर पोरीच्या लग्नाचा मुहूर्त विचारला, त्याला मी प्रामाणिकपणे 'मला कळत नाही' असं लिहिलं. दोघातिघांनी माझ्या चुका दाखवल्या, त्या मी त्यांच्या नावानिशी मान्य केल्या. फार जड गेलं नाही.

समोरच्या आजींच्या पत्र्यावरचे दगड अजून तसेच आहेत. हुकांना आणि मजुरीला पैसे लागतात, ते आणायचे कुठून, हा त्यांचा पुढचा प्रश्न. परवा मी तो गल्लीच्या ग्रुपवर टाकला. संदेश कुणी कुणी वाचला ते फोनमध्ये दिसतं. रात्रीपर्यंत साठ नावं झाली, पण कुणी काही लिहिलं नाही. एकानं हात जोडल्याचं चित्र टाकलं. साडेदहाच्या सुमाराला वेल्डरची एक ओळ आली : 'पत्र्याचं माप पाठवा, जुना माल पडलाय.'

सकाळी मी आणि नातू टेप घेऊन गेलो. आजी म्हणाल्या, "माप मागून घ्या साहेब, आदी च्या घ्या."